एकच सॉफ्टवेअर, बारा ग्राहक : टेस्टिंगचा खर्च कुठे करायचा?

पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर करून देणारी पंधरा-वीस जणांची एखादी कंपनी डोळ्यांसमोर आणा. पहिल्या संस्थेला सभासद, भाग, बचत, मुदत ठेव आणि कर्ज एवढंच हवं असतं. दुसरीचा सगळा व्यवसाय पिग्मीवर, त्यामुळे एजंटच्या मोबाइलवरून रोजचा भरणा आला पाहिजे. तिसरीला सोनेतारण हवं. चौथीच्या सात शाखा आहेत. पाचवी ठेवीच्या पावतीवर कर्ज देते आणि सभासदाला प्रत्येक व्यवहाराचा एसएमएस गेलाच पाहिजे असं म्हणते. बाराव्या ग्राहकापर्यंत पोचताना कंपनीच्या हातात दोन गोष्टी असतात : सगळ्यांना लागणारा समाईक गाभा, आणि ग्राहकाप्रमाणे चालू-बंद करायच्या पर्यायांची वाढत चाललेली यादी.

ही झाली सॉफ्टवेअर प्रॉडक्ट लाइन. कंपनीत तिला हे नाव कुणी दिलेलं नसेल, पण दुखणी तीच असतात. डेव्हिड पार्नास यांनी 1976 मध्ये ‘प्रोग्रॅमची कुटुंबं’ ही कल्पना मांडली आणि पुढे कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूटने तिचं शास्त्र केलं. या विषयावरच्या इन्स्टिट्यूटच्या 2001 च्या पुस्तकात कमिन्सच्या डिझेल इंजिनांच्या नियंत्रण सॉफ्टवेअरवर स्वतंत्र प्रकरण आहे. ही कमिन्स पुणेकरांच्या चांगल्या ओळखीची.

कोड एकदा लिहिला आणि बारा ठिकाणी विकला, हा फायदा सगळ्यांना दिसतो. टेस्टिंगमध्येही तसाच फायदा आपोआप होईल असं गृहीत धरलं जातं आणि भांडण तिथेच सुरू होतं. मॅनेजर म्हणतो, गाभा तोच आहे, मागच्या रिलीजला तपासलाय, परत कशाला? टेस्टर म्हणते, ग्राहक नवा आहे, सगळं पहिल्यापासून बघावं लागेल. दोघांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. उरलेलं अर्धं तुमच्या स्वतःच्या आकड्यांतून काढायचं असतं. ते कसं काढायचं हे या लेखात सांगतो.

बग कुठे राहतो, यावर खर्च ठरतो

मुदत ठेवीचं व्याज काढताना पैशांचं पूर्णांकन चुकलं, तर ती चूक गाभ्यातली आहे. बाराही संस्थांत ती असणार. गाभा तपासताना ती एकदा सापडली की बारा वेळा सापडल्यासारखी असते, आणि इथे घातलेला टेस्टरचा प्रत्येक तास बारा ठिकाणी कामाला येतो.

आता दुसरी चूक बघा. मुदतीआधी ठेव मोडण्याची सोय नीट चालते. ठेवतारण कर्जही नीट चालतं. पण दोन्ही चालू असलेल्या संस्थेत, जिच्यावर कर्ज दिलेलं आहे तीच पावती काउंटरवर मोडता येते. सभासद पैसे घेऊन जातो, कर्ज तसंच उभं राहतं आणि तारण संपलेलं असतं. ही चूक ठेवीच्या भागात नाही आणि कर्जाच्या भागातही नाही. ठेवीचा भाग लिहिला तेव्हा ठेवतारण हा प्रकारच नव्हता, त्यामुळे ‘पावतीवर बोजा आहे का?’ हा प्रश्न तिथे कुणी विचारलेला नाही. दोन्ही भाग स्वतंत्रपणे कितीही काटेकोरपणे तपासले, तरी ती सापडणार नाही. ती फक्त जोडणीत दिसते. पिग्मी आणि अनेक शाखा यांचंही तसंच होऊ शकतं : एजंट जत शाखेचा, पण त्याचा भरणा मुख्य शाखेत जमा होतो आणि दिवसअखेरीला दोन्हीकडचा ताळा चुकतो.

पहिल्या जातीच्या चुका गाभ्यात स्वस्तात मिळतात. दुसऱ्या जातीच्या चुका पूर्ण जुळवलेल्या उत्पादनातच मिळतात आणि तिथे महाग पडतात. टेस्टिंगचं कोणतंही धोरण निवडताना आपण या दोन खर्चांची वाटणीच ठरवत असतो.

चार वाटा, आणि एक हिशेब

पोल, बॉकल आणि वान डर लिंडन यांच्या 2005 च्या पाठ्यपुस्तकात प्रॉडक्ट लाइनच्या टेस्टिंगच्या चार वाटा दिल्या आहेत. पहिली, शक्य त्या प्रत्येक जुळणीची आधीच चाचणी घ्यायची. दुसरी, गाभा वेगळा तपासायचाच नाही. ग्राहकाची ऑर्डर आली की त्याचं उत्पादन संपूर्ण तपासायचं. तिसरी, एक-दोन नमुना उत्पादनं जुळवून त्यांच्यावर गाभा तपासायचा. चौथी, समाईक भाग आधी तपासायचा आणि बदलत्या भागांसाठी पुन्हा वापरता येतील अशा चाचण्या तयार ठेवायच्या. शेवटच्या दोन वाटांचं मिश्रण करावं असं ते लेखक सुचवतात, आणि माझाही अनुभव त्याच दिशेचा आहे. पण हा सल्ला किती ग्राहकांपासून पुढे लागू पडतो, हे महत्त्वाचं.

आपल्याकडच्या बहुतेक छोट्या कंपन्या दुसऱ्या वाटेवर असतात. ती वाट कुणी निवडलेली नसते, ऑर्डरी येत गेल्या तशी ती पडत गेलेली असते. तिचा हिशेब मांडू. हे आकडे केवळ रीत दाखवण्यासाठी धरले आहेत. तुमचे आकडे तुम्ही घाला.

एक उत्पादन संपूर्ण तपासायला 20 मॅन-डे लागतात असं धरा. बारा ग्राहक म्हणजे एका मोठ्या रिलीजला 240. आता चौथी वाट. गाभा नीट तपासायला 30 मॅन-डे. शिवाय गाभा एकटा चालत नाही : त्याला खोटा प्रिंटर, खोटा एसएमएस गेटवे, नमुना संस्था, नमुना सभासद, सगळं उभं करून द्यावं लागतं. त्या उभारणीला पहिल्यांदा 25. मग प्रत्येक ग्राहकाचं स्वतःचं म्हणून जे आहे, त्याला 6. बारा ग्राहकांना 72. एकूण 127. जवळजवळ निम्मं.

हे निम्मं दिसलं की बैठकीत सगळे खूश होतात आणि तिथेच निर्णय होतो. थोडं थांबून ग्राहकसंख्या बदलून बघा. तीन ग्राहक असतील तर जुन्या वाटेने 60 आणि नव्या वाटेने 73. नवी वाट तोट्याची. चौथ्या ग्राहकाला 80 विरुद्ध 79, म्हणजे बरोबरी. पाचव्यापासून पुढे फायदा.

पण या 127 मध्ये ठेवतारणासारखी जोडणीतली चूक शोधायला एक दिवसही धरलेला नाही. त्यासाठी पर्यायांच्या सहा वेगवेगळ्या जुळण्या निवडून प्रत्येकीला 4 दिवस द्यायचे ठरवले, तर आणखी 24. बारा ग्राहकांना एकूण 151. अजूनही 240 पेक्षा बरंच कमी. बरोबरीचा टप्पा मात्र पुढे सरकतो : पाच ग्राहकांना जुनी वाट 100 आणि नवी 109, सहाव्याला 120 विरुद्ध 115. ज्याच्याकडे चारच ग्राहक आहेत आणि लवकर पाचवा-सहावा येण्याची चिन्हं नाहीत, त्याने प्रत्येक उत्पादन स्वतंत्रपणे तपासणं हाच आज शहाणपणाचा निर्णय आहे. पुस्तकात चौथी वाट चांगली म्हटली आहे म्हणून त्याने ती धरू नये.

दुसऱ्या रिलीजपासून उभारणीचे 25 परत लागत नाहीत. त्यामुळे एका रिलीजवर हिशेब करू नका, दोन-तीन वर्षांच्या रिलीज धरा. वर्षाला दोन रिलीज असतील तर चित्र वेगळं दिसेल, सहा असतील तर फारच वेगळं. पण उभारणी फुकट टिकत नाही हेही त्याच कागदावर लिहा. नमुना संस्थेचा डेटा जुना होतो, खोटा गेटवे खऱ्यासारखा वागेनासा होतो, चाचण्या कारण नसताना लाल दिसू लागतात. दर रिलीजला त्या उभारणीच्या काही टक्के दिवस डागडुजीला धरले नाहीत, तर वर्षभरात तिच्यावरचा टीमचा विश्वास उडतो आणि सगळे गुपचूप जुन्या वाटेवर परत येतात. मग दोन्हीचा खर्च होतो.

चाचणी पुन्हा वापरा, तिचा निकाल नको

प्रॉडक्ट लाइनमध्ये सर्वांत महाग पडणारा गैरसमज एकच आहे, म्हणून त्यावर थोडं थांबतो. गाभ्याची चाचणी ग्राहक ‘अ’कडे हिरवी झाली. ‘ब’कडे गाभा तोच आहे. म्हणून ‘ब’ साठी ती चाचणी धरली ‘झाली’. इथे चाचणी पुन्हा वापरलेली नाही, तिचा निकाल पुन्हा वापरला आहे. लिहिलेली चाचणी बारा ठिकाणी चालवणं ही खरी बचत आहे. एका ठिकाणचा निकाल बारा ठिकाणी लिहिणं हे कर्ज आहे.

एलेन वेयुकर यांनी 1986 मध्ये टेस्टिंगच्या पुरेपणाविषयी जी गृहीतकं मांडली, त्यांत हे स्पष्टपणे आहे : एखादा भाग एका प्रोग्रॅममध्ये पुरेसा तपासला म्हणजे दुसऱ्या ठिकाणी तो पुरेसा तपासलेला ठरत नाही, आणि भाग वेगवेगळे पुरेसे तपासले म्हणजे त्यांची जोडणी तपासलेली ठरत नाही. दहा वर्षांनी त्याची किंमत जगाने पाहिली. 4 जून 1996 रोजी फ्रेंच गयानातल्या कुरूहून एरियन 5 या रॉकेटचं पहिलं उड्डाण झालं आणि सुमारे 40 सेकंदांत ते आकाशात नष्ट झालं. दिशादर्शनाच्या यंत्रणेतलं सॉफ्टवेअर एरियन 4 वरून घेतलेलं होतं, आणि तिथे ते उत्तम चाललं होतं. एरियन 5 चा मार्ग वेगळा, आडवा वेग जास्त. त्यामुळे 64 बिटांतली एक संख्या 16 बिटांत मावली नाही. जो हिशेब चालू होता, त्याची उड्डाणानंतर एरियन 5 ला गरजच नव्हती. दोन्ही रॉकेटांत सॉफ्टवेअर समान राहावं म्हणून तो भाग ठेवला होता. आणि एरियन 5 च्या खऱ्या मार्गाची आकडेवारी घालून त्या यंत्रणेची चाचणी घेतलेली नव्हती.

पतसंस्थेत रॉकेट पडत नाही. पण जिच्याकडे दोन हजार खाती आहेत त्या संस्थेत रात्रीची व्याज आकारणी वीस मिनिटांत होते, आणि सत्तर हजार खात्यांच्या संस्थेत तीच आकारणी 31 मार्चच्या रात्री सकाळपर्यंत संपत नाही. गाभा तोच, परिस्थिती वेगळी. म्हणून ग्राहकाच्या वाट्याच्या त्या 6 दिवसांत त्याच्या स्क्रीनचे रंग आणि पावतीचा मथळा तपासून थांबू नका. गाभ्याच्या सगळ्यांत महत्त्वाच्या चाचण्या त्या ग्राहकाच्या खऱ्या पर्यायांवर आणि त्याच्या आकाराच्या डेटावर पुन्हा चालल्याच पाहिजेत. त्या ऑटोमेशनमध्ये असतील तर दुसऱ्यांदा चालवण्याचा खर्च मशीनच्या वेळेचा आहे. नसतील तर ऑटोमेशनचा पहिला रुपया याच चाचण्यांवर घाला.

सगळ्या जुळण्या तपासता येतात का?

दहा पर्याय चालू-बंद करता येत असतील तर 1,024 जुळण्या होतात. वीस असतील तर 10,48,576. म्हणून पहिली वाट अशक्य आहे असं सांगून पुस्तकं पुढे जातात. एकदा मात्र ती खरंच चालून पाहिली गेली, आणि त्यातून शिकण्यासारखं खूप आहे.

जेहिप्स्टर हे वेब ॲप्लिकेशनचा सांगाडा तयार करून देणारं मुक्त सॉफ्टवेअर आहे. डेटाबेस कोणता, लॉगिन कसं, बिल्ड कशाने करायचं, हे सगळं निवडता येतं. फ्रान्स आणि बेल्जियममधल्या संशोधकांनी त्याच्या 26,000 हून अधिक जुळण्या, म्हणजे शक्य होत्या त्या सगळ्या, तयार करून तपासल्या. 80 मशीन, चार रात्री, एकूण 4,376 तासांचा संगणकीय वेळ. 35.70 टक्के जुळण्या नापास झाल्या. तिनांतली एक! पण त्या हजारो अपयशांच्या मुळाशी स्वतंत्र चुका थोड्याच होत्या, आणि त्या बहुतेक दोन-तीन पर्याय एकत्र आल्याने उद्भवणाऱ्या. मारियाडीबी आणि ग्रेडल ही त्यांतलीच एक जोडी.

व्यवस्थापकाच्या दृष्टीने याहून मोलाचा निष्कर्ष पुढचा आहे. जेहिप्स्टरच्या टीमकडे रोजच्या तपासणीसाठी आपल्या समजुतीने ठरवलेल्या 12 जुळण्या होत्या. पद्धतशीरपणे निवडलेल्या नमुन्यांनी त्या बारांपेक्षा जास्त चुका पकडल्या. मात्र काही पद्धतींचे नमुने इतके मोठे झाले की टीमच्या हातात असलेल्या बजेटमध्ये ते बसेनात. अनुभवी माणसांनी डोळ्यांनी निवडलेली यादी कमी पडते, आणि पुस्तकातली पद्धत आहे तशी उचलली तर खिसा कमी पडतो. मधला रस्ता शोधावा लागतो.

जोड्यांची पद्धत, आणि तिच्या मर्यादा

तो रस्ता बहुतेकांसाठी जोड्यांच्या चाचणीपासून सुरू होतो. दहा पर्यायांतून 45 जोड्या निघतात. प्रत्येक जोडीच्या चार अवस्था : दोन्ही चालू, दोन्ही बंद, पहिला चालू दुसरा बंद, आणि उलट. एकूण 180. हुशारीने निवडल्या तर या 180 अवस्था फक्त 6 जुळण्यांत येऊन जातात. पर्याय वीस केले तरी 8 जुळण्या पुरतात. वरच्या हिशेबातल्या सहा जुळण्या इथूनच आल्या. हाताने त्या काढत बसू नका. अमेरिकेच्या एनआयएसटी या मानक संस्थेचं एसीटीएस नावाचं साधन त्यासाठी आहे. त्याच संस्थेच्या मांडणीत दहा पर्यायांच्या तिकडींच्या 960 अवस्था 13 चाचण्यांत बसतात.

जोड्याच का? एनआयएसटीचे रिचर्ड कुन आणि सहकाऱ्यांनी वैद्यकीय उपकरणं, ब्राउझर, सर्व्हर आणि नासाच्या एका प्रणालीतल्या नोंदवलेल्या बिघाडांचा अभ्यास 2004 मध्ये मांडला. बरेचसे बिघाड एका किंवा दोन घटकांनी होत होते, पुढे प्रमाण झपाट्याने घटत जात होतं, आणि सहाहून अधिक घटक एकत्र यावे लागले असा एकही बिघाड त्यांत नव्हता.

दोन सूचना मात्र पाळाच. पहिली : पर्यायांमधली बंधनं आधी लिहून काढा. एजंटचं मोबाइल ॲप पिग्मीशिवाय चालू करता येत नाही. एकाच शाखेच्या संस्थेत आंतरशाखीय भरणा असू शकत नाही. ही बंधनं साधनाला सांगितली नाहीत, तर ते अस्तित्वातच येऊ न शकणाऱ्या जुळण्या देईल आणि टेस्टरचे दिवस वाया जातील. बंधनं धरल्यावर सहाच्या सात-आठ जुळण्या होतील, कधी कमीही होतील. ती यादी लिहिताना विक्री करणाऱ्या माणसाला आणि ग्राहकाकडे जाऊन बसणाऱ्या सपोर्टवाल्याला बरोबर घ्या. डेव्हलपरला कोडमधलं बंधन माहीत असतं, त्यांना व्यवहारातलं माहीत असतं.

दुसरी सूचना : ‘बंद’ हीसुद्धा एक अवस्था आहे. आपण नवा पर्याय चालू करून बघतो. बंद असताना बाकीचं नीट चालतं का, हे बघायचं राहून जातं. लिनक्स कर्नलमध्ये दहा हजारांहून अधिक पर्याय आहेत. त्यातल्या पर्यायांशी निगडित 42 बगचा बारकाईने केलेला अभ्यास 2014 मध्ये प्रसिद्ध झाला. अशा चुका कुठल्याही एका प्रकारापुरत्या किंवा कोडच्या एका कोपऱ्यापुरत्या नव्हत्या, आणि काही तर पर्याय बंद असतानाच उद्भवणाऱ्या होत्या. तुमच्याकडे एसएमएस बंद असलेल्या संस्थेत व्यवहार अडकून बसला, तर तो याच जातीचा.

जोड्यांनाही पैसे नसतील तर? तरीही हात रिकामे नाहीत. 2016 मध्ये संशोधकांनी नमुने निवडण्याच्या 10 पद्धती, सी भाषेतल्या 24 मुक्त प्रणालींमधल्या 135 माहीत असलेल्या चुकांवर एकमेकींशी ताडून पाहिल्या. मोठे नमुने जास्त चुका पकडतात, हे अपेक्षितच. पण खर्चाच्या मानाने बहुतेक परिस्थितींत सरस ठरली ती अगदी साधी रीत : एक जुळणी जास्तीत जास्त पर्याय चालू करून, दुसरी जास्तीत जास्त बंद करून. फक्त दोन. ज्या कंपनीत आज जुळण्यांची एकही पद्धतशीर चाचणी होत नाही, तिने पुढच्या रिलीजला या दोन जुळण्या तरी तपासाव्यात, असं मी आग्रहाने सांगेन. रोज रात्री आपोआप बिल्ड होण्याची व्यवस्था असेल, तर त्यातच त्या घाला. मग त्यांचा वेगळा खर्च जवळपास दिसतही नाही.

यावर एक जोड हवी. गणिताने निवडलेल्या जुळण्यांत तुमच्या सर्वांत मोठ्या ग्राहकाची नेमकी जुळणी नसण्याचीच शक्यता जास्त. ज्या जुळण्या आज लाइव्ह आहेत त्यांची यादी वेगळी ठेवा आणि खातेदारांच्या संख्येप्रमाणे लावा. वरच्या दोन-तीन जुळण्या प्रत्येक रिलीजला पूर्ण तपासायच्या. बाकीचे दिवस जोड्यांना.

बगच्या नोंदीत एक रकाना

आपल्याला जोड्या पुरतील की तिकड्या लागतील, हे दुसऱ्याच्या अभ्यासावरून कायमचं ठरवू नये. स्वतःची आकडेवारी मिळवण्याचा मार्ग स्वस्त आहे. बग बंद करताना एक प्रश्न विचारा : हा दिसायला कोणकोणते पर्याय चालू किंवा बंद असावे लागतात? उत्तर एका रकान्यात लिहा. ‘कुठलेही’ असेल तर चूक गाभ्यातली. एकाच पर्यायाचं नाव असेल तर त्या भागातली. दोन नावं असतील तर जोडणीतली. सोबत तो बग कुठे सापडला तेही लिहा : गाभ्याच्या चाचणीत, ग्राहकाच्या उत्पादनाच्या चाचणीत, की संस्थेच्या काउंटरवर.

वर्षभराने ही नोंद धोरण सांगू लागते. गाभ्यातल्या चुका ग्राहकाच्या चाचणीत सापडत असतील, तर गाभ्याचे 30 दिवस कमी आहेत किंवा चुकीच्या ठिकाणी जात आहेत. जोडणीतल्या चुका काउंटरवर सापडत असतील, तर जुळण्यांचे 24 दिवस वाढवायला हवेत. तीन नावं असलेल्या नोंदी पुन्हा पुन्हा दिसल्या, तरच तिकड्यांकडे जा. आणि जोडणीतल्या चुका जवळजवळ नसतीलच, तर त्या 24 दिवसांतले काही गाभ्याकडे वळवा. त्यातही लाज नाही.

काउंटरवर सापडलेल्या चुकीची किंमतही याच नोंदीत धरा. सपोर्टचा माणूस तालुक्याला गेला, दोन दिवस राहिला, चुकलेल्या नोंदी हाताने उलटवल्या, ऑडिटरला पत्र दिलं. हे दिवस टेस्टिंगच्या खात्यात कुणी लिहीत नाही, म्हणून टेस्टिंग महाग आणि चूक स्वस्त दिसते.

चाचण्यांनाही असाच शिक्का हवा. प्रत्येक चाचणीवर ‘पिग्मी चालू असेल तरच’ किंवा ‘शाखा एकाहून जास्त असतील तरच’ अशी अट लिहिलेली असावी. मग नव्या ग्राहकाचे पर्याय दिले की त्याच्या चाचण्यांची यादी आपोआप निघते. एखादा भाग बदलला की कोणत्या ग्राहकांकडे काय परत चालवायचं, हेही कळतं. अटी नसतील तर एक तर सगळं परत चालवावं लागतं, नाही तर जुन्या टेस्टरच्या आठवणीवर विसंबावं लागतं. आणि तो नोकरी सोडून गेला की ती आठवणही जाते.

पर्याय काढून टाकणं

सगळ्यांत स्वस्त चाचणी म्हणजे जो पर्यायच उरला नाही त्याची. वीसांतला एक पर्याय काढला की शक्य जुळण्या थेट निम्म्या होतात. एका ग्राहकाने सहा वर्षांपूर्वी मागितलेला आणि आता त्यानेही सोडलेला पावतीचा खास नमुना कोडमध्ये का पडून आहे? ‘असू दे, त्रास तर नाही’ म्हणून. त्रास असतो.

1 ऑगस्ट 2012 रोजी अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर-व्यवहार करणाऱ्या कंपनीने नवं सॉफ्टवेअर चढवलं. वर्षानुवर्षं न वापरलेलं एक फीचर कोडमध्ये तसंच होतं, आणि त्याचाच जुना फ्लॅग नव्या कामासाठी पुन्हा वापरला होता. आठ सर्व्हरांपैकी एकावर नवा कोड चढलाच नाही. फ्लॅग चालू झाल्यावर त्या सर्व्हरवर जुनं फीचर जागं झालं आणि सुमारे 45 मिनिटांत कंपनीला 44 कोटी डॉलरहून अधिक नुकसान झालं. न वापरलेला पर्याय वेळीच काढला असता, तर तो तपासायची गरजच नव्हती.

वर्षातून एकदा पर्यायांची यादी घेऊन बसा. प्रत्येकापुढे तो आज किती ग्राहकांकडे चालू आहे ते लिहा. शून्य असेल तर काढा. एकच असेल, तर त्या ग्राहकाच्या वार्षिक देखभालीच्या रकमेत त्या पर्यायाच्या टेस्टिंगचे दिवस बसतात का ते बघा, आणि बसत नसतील तर त्याच्याशी दराबद्दल मोकळेपणाने बोला. नवा पर्याय विकतानाही हेच. ‘एक चेकबॉक्स तर टाकायचाय’ असं म्हणून जो दर दिला जातो, त्यात फक्त कोडिंग असतं; पुढच्या प्रत्येक रिलीजला त्या चेकबॉक्सच्या दोन्ही बाजू तपासण्याचा खर्च नसतो. कोटेशनमध्ये त्यासाठी वेगळी ओळ ठेवा.

पाच ग्राहक असलेल्या टीमने कुठून सुरुवात करावी

वरचं सगळं एका तिमाहीत करायला जाऊ नका. पाच ग्राहक आहेत, सहावा दारात आहे, टेस्टर तीन आहेत, अशी टीम धरून क्रम सांगतो. आधी पाचही संस्थांत आज काय चालू आहे आणि काय बंद, याचा एक तक्ता करा. बऱ्याच ठिकाणी तो कुठेच लिहिलेला नसतो आणि सपोर्टच्या लोकांना फोन करूनच भरावा लागतो. त्यावरून बंधनं लिहा. बगच्या नोंदीतला तो रकाना त्याच आठवड्यात सुरू करा, कारण आकडेवारी साठायला वेळ लागतो. मग हातात असलेल्या चाचण्यांवर अटी लिहा. नव्या चाचण्या लिहू नका, आहेत त्यांवरच. पुढच्या रिलीजला ग्राहकनिहाय चाचणी आहे तशीच चालू द्या आणि त्यात सगळं-चालू, सगळं-बंद या दोन जुळण्यांची भर घाला.

गाभ्याची वेगळी उभारणी, खोटा गेटवे आणि नमुना डेटा यांना हात सहाव्या ग्राहकाची ऑर्डर पक्की झाल्यावर लावा, आणि तो खर्च त्याच्या एकट्याच्या बिलात टाकू नका. पुढच्या दोन वर्षांच्या सगळ्या रिलीजवर वाटा. उभारणीची राखण एका नावावर असू द्या. तीन टेस्टरांची मिळून असेल तर ती कुणाचीच नसते. आणि मार्चअखेरच्या आधीचे दोन महिने यातलं काहीही नवं सुरू करू नका. त्या काळात टीमचे सगळे दिवस वर्षअखेरीच्या व्याज आकारणीच्या आणि ताळेबंदाच्या चाचण्यांना लागतात, आणि त्या प्रत्येक संस्थेच्या खऱ्या आकाराच्या डेटावर चालवायच्या असतात.